एक इंजिन बंद पडल्यावर

आंबेगाव तालुक्यात लोणी-धामणीच्या माळावरून रात्री आकाशाकडे पाहिलं, तर पूर्वेकडून येऊन मुंबईच्या दिशेने सह्याद्री ओलांडणाऱ्या विमानांचे दिवे दिसतात. अशाच एका रात्री मुंबईला उतरायला निघालेलं अलितालिया कंपनीचं डीसी-८ जातीचं विमान जुन्नरजवळच्या दावंड्या डोंगरावर आदळलं. तारीख होती ७ जुलै १९६२, मध्यरात्र नुकतीच उलटली होती आणि दिवस ऐन पावसाळ्याचे होते. विमानातले सर्व ९४ जण गेले. त्या विमानाला चार इंजिनं होती आणि अपघाताचं कारण त्यांत नव्हतं. आपण मुंबईच्या बरेच जवळ पोहोचलो, असा वैमानिकांचा समज झाला आणि डोंगर संपायच्या आतच विमान खाली आणलं गेलं.

सामान्य प्रवाशाच्या मनातली भीती मात्र इंजिनाभोवती फिरते. हल्लीची बहुतेक प्रवासी विमानं दोन इंजिनांची असतात, त्यामुळे ‘एक बंद पडलं तर काय?’ हा प्रश्न येतोच. उत्तर असं की, एका इंजिनावर विमान उडतं, वर चढतं आणि सुखरूप उतरतंही. पण ते आपोआप होत नाही. त्यासाठी वैमानिकाला काही गोष्टी ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या वेगावर आणि मुख्य म्हणजे घाई न करता कराव्या लागतात. विमान लहान असेल तर चुकायला फारच थोडी जागा असते.

दोनपैकी एक इंजिन गेलं म्हणजे निम्मी ताकद गेली, असा हिशेब बहुतेक जण करतात. खरी अडचण ताकद कमी होण्याच्या आधी सुरू होते, कारण उरलेली ताकद एकाच बाजूला असते. जुवाखालचा डावा बैल अडला आणि उजवा ओढत राहिला, तर गाडी डावीकडे फिरते. पंखांवर इंजिनं असलेल्या विमानाचं तेच होतं. डावं इंजिन बंद पडलं की उजव्याचा जोर विमानाचं नाक डावीकडे वळवतो. गाडी मात्र तिथे थांबू शकते, विमान थांबू शकत नाही. नाक डावीकडे फिरत असताना उजवा पंख हवेतून जास्त वेगाने जातो, डावा कमी वेगाने. उजव्याला उचल जास्त मिळते, डाव्याला कमी, आणि विमान डावीकडे कलायला लागतं. प्रॉपेलरचं विमान असेल तर आणखी भर पडते. चालू प्रॉपेलर पंखावर हवेचा झोत सोडत असतो आणि त्या झोताने उचल वाढलेली असते. प्रॉपेलर थांबला की तेवढी उचल जाते. शिवाय बंद इंजिनाचा प्रॉपेलर वाऱ्याने नुसता फिरत राहिला, तर तो हवेला अडवतो आणि त्या बाजूला विमान मागे खेचतो. वेळीच आवरलं नाही, तर काही सेकंदांत विमान उलटं होऊ शकतं.

म्हणून पहिलं काम पायांचं. शेपटीवरचा उभा रडर वैमानिकाच्या पायांखालच्या पेडलांनी फिरतो. नाक डावीकडे पळत असेल तर उजवं पेडल दाबायचं, आणि नाक जागेवर थांबेपर्यंत दाबून ठेवायचं. याच पायांनी एक फार मोलाची माहिती मिळते. जो पाय जोर लावतोय त्याच्या बाजूचं इंजिन चालू आहे. जो पाय रिकामा पडलाय त्याच्या बाजूचं मेलं आहे. दोन इंजिनांचं विमान शिकवणारा जगातला प्रत्येक शिक्षक हा नियम विद्यार्थ्याकडून घोकून घेतो.

काटे बघून इंजिन ओळखता येणार नाही का? जुन्या पिस्टन इंजिनांच्या विमानात काटे चक्क फसवतात. इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब दाखवणारा काटा इंजिन मेल्यावर बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो, आणि जमिनीजवळ तो आकडा चालू इंजिनाच्या आकड्याच्या आसपासच असतो. फेऱ्यांचा काटाही जागचा फारसा हलत नाही, कारण वाऱ्याने फिरणाऱ्या प्रॉपेलरची पाती आपला कोन बदलून फेरे कायम ठेवायचा प्रयत्न करतात. दोन्ही इंजिनं ठणठणीत असल्यासारखा देखावा समोर असतो आणि विमान मात्र एका अंगाला पळत असतं. तिथे पायावरच भरवसा ठेवावा लागतो.

रडरचा जोर त्याच्यावरून जाणाऱ्या हवेच्या वेगावर अवलंबून असतो. वेग निम्मा झाला तर तो जोर साधारण चौथा हिस्सा उरतो. म्हणजे एक वेग असा असतो, की त्याच्या खाली पूर्ण पेडल दाबूनही चालू इंजिनाचा एकतर्फी जोर रडरला आवरत नाही. दोन इंजिनांच्या लहान विमानांच्या वेगमापकावर या वेगाला तांबडी रेघ असते. तिच्या थोडी वर निळी रेघ असते. एका इंजिनावर विमान सगळ्यात चांगलं चढतं तो हा वेग. इंजिन गेल्यावर निळी रेघ धरून ठेवायची आणि तांबडीच्या जवळही जायचं नाही. दोन इंजिनांच्या लहान विमानाच्या सुरक्षिततेतला फार मोठा भाग या एका वाक्यात आहे.

हे वाक्य पाळणं मात्र मनाच्या विरुद्ध जातं. समजा, उड्डाणानंतर लगेच इंजिन गेलं. समोर झाडं, घरं, विजेच्या तारा. माणसाचा हात आपोआप नाक वर खेचतो. नाक वर गेलं की वेग पडतो, वेग तांबड्या रेघेखाली गेला की रडर हरतो आणि विमान मेलेल्या इंजिनाकडे गुंडाळलं जातं. तिथून सुटायला नाक खाली करावं लागतं आणि चालू इंजिनाचा जोर कमी करावा लागतो. जमीन जवळ येत असताना आपल्या हाताने नाक खाली करायचं आणि उरलेल्या एकमेव इंजिनाची शक्तीही कमी करायची! याचा सराव सुरक्षित उंचीवर, काही हजार फुटांवर, पुन्हा पुन्हा करून घेतात. ऐन वेळी विचार करून हे सुचेल अशी अपेक्षाच ठेवता येत नाही. विमान ताब्यात ठेवून पुढच्या शेतात जमेल तसं उतरलं, तर आतली माणसं वाचण्याची शक्यता बरीच असते. विमान उलटं होऊन पडलं, तर जवळपास काहीच उरत नाही.

आता ताकदीचा हिशेब. सोपा करून सांगतो. समजा, एका लहान विमानाची दोन इंजिनं मिळून ४०० अश्वशक्ती देतात आणि सरळ, समतल उडायला त्याला १६० लागतात. वर चढायला २४० शिल्लक राहतात. एक इंजिन गेलं की हाती २०० उरतात. त्यातले १६० समतल उडण्यातच जातात आणि चढायला उरतात फक्त ४०. निम्मी शक्ती गेली, पण चढण्याची क्षमता सहाव्या हिश्श्यावर आली. त्यात मेलेल्या इंजिनाचा प्रॉपेलर हवेला अडवत असेल, चाकं खाली असतील, विमान तिरकं सरकत असेल, तर हे चाळीसही संपतात. दोन इंजिनांच्या लहान विमानांची चढण्याची क्षमता एक इंजिन गेल्यावर साधारण ८० टक्के किंवा त्याहूनही अधिक घटते, असं प्रशिक्षणात सांगतात, ते यामुळे.

हवा तापली की हिशेब आणखी घट्ट होतो. गरम हवा विरळ असते. इंजिन, प्रॉपेलर आणि पंख या तिघांनाही ती कमी पुरते. पुण्याचा लोहगाव विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० फुटांवर आहे, म्हणजे तिथे उन्हाळ्याच्या दुपारी उंची आणि उष्णता दोन्ही विरोधात. समुद्रकाठच्या जुहूहून सकाळी एका इंजिनावर जेमतेम चढू शकणारं विमान, तेवढ्याच वजनासह, मे महिन्याच्या दुपारी पुण्याहून एका इंजिनावर चढेलच असं नाही.

विदर्भात गोंदियाजवळ बिरसीच्या विमानतळावर वैमानिक घडवण्याचं काम चालत आलं आहे. तिथे विद्यार्थी आधी एका इंजिनाचं डीए-४० आणि नंतर दोन इंजिनांचं डीए-४२ शिकत. शिक्षक उंचीवर गेल्यावर, न सांगता, एका बाजूचा पॉवर लिव्हर, म्हणजे इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणारा दांडा, मागे ओढतो. विद्यार्थ्याने आधी पाय आणि नाक सांभाळायचं, वेग निळ्या रेघेवर आणायचा. मग दोन्ही लिव्हर पूर्ण पुढे, चाकं वर, फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) वर. त्यानंतर रिकाम्या पायावरून इंजिन ओळखायचं आणि ओळखलेलं इंजिन खरंच मेलंय का याची खात्री करायची. खात्रीची रीत साधी आहे: त्या इंजिनाचा लिव्हर सावकाश मागे घ्यायचा. पायावरचा भार बदलला नाही, आवाज बदलला नाही, तर ते मेलेलंच आहे. विमान हिसका देऊन वळलं, तर आपण चांगल्या इंजिनाला हात घातलाय. लिव्हर पुन्हा पुढे. खात्री झाल्यावरच प्रॉपेलर फेदर करायचा, म्हणजे त्याची पाती वाऱ्याच्या दिशेला समांतर फिरवायची, मग तो हवेला अडवत नाही. डीए-४२ मध्ये इंजिनाचा मास्टर स्विच बंद केला की प्रॉपेलर आपोआप फेदर होतो. जुन्या सेनेका वगैरे विमानांत त्यासाठी वेगळा दांडा असतो, आणि अशा बऱ्याच विमानांत फेरे मिनिटाला सुमारे ८०० च्या खाली गेले की आतली खिट्टी अडकते व फेदर होतच नाही. म्हणजे घाई करायची नाही, पण रेंगाळायचंही नाही.

यानंतरची एक गोष्ट नवख्याला चमत्कारिक वाटते. पंख अगदी समतल ठेवण्याऐवजी विमान जिवंत इंजिनाकडे थोडं, पाच अंशांच्या आत, कलतं ठेवायचं. पंख समतल ठेवून नुसत्या रडरने नाक सरळ धरलं, तर विमान हवेतून किंचित तिरकं सरकत राहतं आणि हवेचा अडथळा वाढतो. जरासं कललं की विमानाच्या वजनाचाच एक हिस्सा त्या सरकण्याला विरोध करतो आणि रडरवरचा भार हलका होतो. मघाच्या हिशेबातल्या चाळीस अश्वशक्ती या दोन-चार अंशांवर टिकतात किंवा जातात.

‘खात्री करा’ या पायरीची किंमत दोन अपघातांनी जगाला दाखवली. ८ जानेवारी १९८९ ला इंग्लंडमध्ये केगवर्थ गावाजवळ ब्रिटिश मिडलंडचं बोईंग ७३७ पडलं. बिघाड डाव्या इंजिनात होता, वैमानिकांनी बंद केलं उजवं. उजव्याचा जोर कमी करताच योगायोगाने हादरे कमी झाले आणि आपण बरोबर केलं असं त्यांना वाटलं. उतरताना डाव्याने पूर्ण दगा दिला. ४७ जण मृत्युमुखी पडले. डाव्या बाजूच्या ज्वाळा काही प्रवाशांनी पाहिल्या होत्या, पण ती गोष्ट कॉकपिटपर्यंत पोहोचली नाही. ४ फेब्रुवारी २०१५ ला तैपेईत ट्रान्सएशियाच्या एटीआर-७२ विमानाचं उजवं इंजिन निकामी झालं आणि कॅप्टनने डावं, चालू इंजिन मागे ओढलं. चूक लक्षात आली तेव्हा उंची उरली नव्हती. ४३ माणसं गेली. दोन्ही विमानं एका इंजिनावरही उडू शकतील अशीच बनलेली होती. हात चुकीच्या लिव्हरवर पडला आणि तपासायला जे काही क्षण हवे होते ते कोणी घेतले नाहीत.

मोठ्या प्रवासी विमानांची गोष्ट लहान विमानांपेक्षा पुष्कळ निश्चिंत आहे, कारण तिथे कायदाच कडक आहे. प्रत्येक उड्डाणाआधी त्या दिवसाचं वजन, तापमान, वारा आणि धावपट्टीची लांबी धरून एक वेग काढतात. वैमानिक त्याला वी-वन म्हणतात. त्या वेगाआधी इंजिन गेलं तर उड्डाण रद्द करून पट्टीवरच थांबायचं. त्यानंतर गेलं तर थांबायचा विचारही करायचा नाही, उडायचंच. एका इंजिनावर पट्टीच्या टोकापर्यंत ३५ फूट उंची गाठता आली पाहिजे आणि चाकं आत घेतल्यावर दर हजार मीटरमागे किमान २४ मीटर चढता आलं पाहिजे, एवढं वजन असेल तरच दोन इंजिनांच्या जेटला निघता येतं. पुढे मार्गात डोंगर असतील तर त्याहून जास्त. प्रवाशाला न दिसणारा हा हिशेब रोज, प्रत्येक उड्डाणाला होतो. आणि इंजिन गेल्यावर किमान ४०० फूट उंची येईपर्यंत वैमानिक विमान सरळ उडवण्याखेरीज सहसा काही करत नाहीत. मग एक जण लिव्हरला हात लावून विचारतो, ‘हेच ना?’ दुसरा पाहून ‘हेच’ म्हणतो, तेव्हाच तो मागे येतो. सिम्युलेटरमध्ये दर काही महिन्यांनी ‘वी-वन कट’ची, म्हणजे नेमकं वी-वनच्या सुमारास इंजिन बंद पडण्याची, परीक्षा असते, कितीही हजार तासांचा अनुभव असला तरी ती कोणालाच चुकत नाही.

तरीही सगळं काही तंत्राच्या हाती नसतं, हे मुंबईने १९७६ मध्ये पाहिलं. १२ ऑक्टोबरच्या रात्री इंडियन एअरलाइन्सचं मद्रासला जाणारं उड्डाण १७१ सांताक्रूझहून निघालं. नेमलेल्या बोईंगमध्ये बिघाड झाल्याने ऐन वेळी कॅराव्हेल जातीचं विमान दिलेलं होतं. कॅराव्हेलची दोन्ही इंजिनं शेपटीजवळ, विमानाच्या अंगाला लागून असतात. त्यामुळे एक गेलं तरी नाक फारसं वळत नाही. वर सांगितलेल्या ओढाताणीची भीती त्यात सगळ्यात कमी. उड्डाणानंतर थोड्याच वेळात उजवं इंजिन गेलं आणि वैमानिकांनी विमान परत फिरवलं. एक इंजिन नुसतं थांबलं असतं तर हे विमान उतरलं असतं, असं मला ठामपणे वाटतं. पण ते नुसतं थांबलं नव्हतं. आतल्या कॉम्प्रेसरच्या दहाव्या टप्प्यातली एक तबकडी, धातूच्या थकव्याने तडा जाऊन, फुटली होती. तुकड्यांनी इंधनाची नळी तोडली, आग लागली. त्या विमानाची नियंत्रणं हायड्रॉलिक तेलाच्या दाबावर चालत. आगीत तो दाब गेला. धावपट्टी समोर असताना, जेमतेम ३०० फुटांवर, विमान ताब्यातून सुटलं आणि पट्टीच्या अलीकडे कोसळलं. ८९ प्रवासी आणि ६ कर्मचारी, सगळे गेले. त्यांत मल्याळम अभिनेत्री राणी चंद्राही होती.

म्हणूनच इंजिन ‘बंद पडणं’ आणि इंजिनाला ‘आग लागणं’ यांत वैमानिक फार मोठा फरक करतात. पहिल्यात सावकाशपणा हवा. दुसऱ्यात इंजिनाचं इंधन तोडणं, आग विझवणं आणि जवळात जवळच्या धावपट्टीवर उतरणं, हे सगळं लवकर व्हायला हवं; पण तिथेही विमान उडवत राहणं पहिलं. आजच्या विमानांत हायड्रॉलिकच्या वेगवेगळ्या, एकमेकींपासून दूर नेलेल्या प्रणाली असतात. इंजिन फुटून तुकडे बाहेर पडले तरी एका फटक्यात सगळं जाऊ नये, असा आराखडा करावा लागतो.

१२ जून २०२५ ला अहमदाबादेत एअर इंडियाच्या ड्रीमलायनरचा अपघात झाला, त्याचा उल्लेख इथे करायला हवा, कारण त्यानंतर दोन इंजिनांच्या विमानांबद्दल अनेकांच्या मनात शंका आली. विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९, असे २६० जण त्यात गेले. प्राथमिक अहवालानुसार उड्डाणानंतर काही क्षणांत दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच, एका सेकंदाच्या अंतराने, बंद स्थितीत गेले. एका इंजिनावर उडण्याचं तंत्र तिथे लागूच पडत नव्हतं. दोन्हींचा जोर एकदम गेला आणि उंची नव्हती. त्या अपघातावरून ‘एक इंजिन गेलं की विमान पडतं’ असा निष्कर्ष काढणं चुकीचं आहे.

मला काळजी मोठ्या विमानांची नाही, लहान भाड्याच्या विमानांची वाटते. निवडणुका, लग्नं, उद्योगांच्या भेटीगाठी, तातडीचे रुग्ण यांसाठी महाराष्ट्रात दोन इंजिनांची लहान विमानं सतत उडतात, छोट्या धावपट्ट्यांवर उतरतात आणि उन्हाच्या वेळी परत निघतात. त्यांच्यात वजन, उष्णता आणि पट्टीची लांबी यांचा हिशेब सगळ्यात नाजूक असतो. अशा विमानात बसायची वेळ आली आणि वैमानिक म्हणाला, ‘दोन बॅगा खाली ठेवा’, किंवा ‘एक माणूस कमी करा’, किंवा ‘ऊन उतरल्यावर निघू’, तर त्याच्याशी हुज्जत घालू नका. कार्यक्रमाला उशीर होतोय, बाहेर माणसं खोळंबली आहेत, असं सांगून त्याच्यावर दबाव आणू नका. एक इंजिन गेल्यावर हाती उरणाऱ्या त्या चाळीस अश्वशक्ती तो तुमच्यासाठीच राखून ठेवत असतो.